बॅकग्राउंड कुठंय?

ब्रेकीथेरपीच्या, म्हणजे कॅन्सरच्या गाठीजवळ किरणोत्सारी सोर्स नेऊन उपचार करायच्या, खोलीत शिरताना किरण मोजणारा सर्व्हे मीटर पुढं धरायचा, हात लांब करून. आधी मीटर आत जातो, मागून माणूस. इरिडियमचा सोर्स तांदळाच्या दाण्याहून लहान असतो, तारेच्या टोकाला बसवलेला. उपचार संपले की आफ्टरलोडर हे यंत्र तो ओढून आपल्या जाड कवचाच्या पोटात परत घेतो. कन्सोलवर तशी खूण येते, दारावरचा लाल दिवा विझतो, भिंतीवरचा झोन मॉनिटर शांत होतो. तरीही मीटर घेऊनच आत जायचं. यंत्रानं सांगितलं म्हणून विश्वास ठेवायचा नाही, दुसऱ्या यंत्राला विचारायचं.

२००४ सालची गोष्ट. शिकाऊ म्हणून माझा दुसराच आठवडा होता. मी मीटर चालू केला, काट्याकडं पाहिलं. काटा शून्यावर. "शून्य आहे सर," म्हणत मी पाऊल उचललं आणि मागून आमच्या फिजिसिस्ट सरांचा आवाज आला, "अगं, थांब. बॅकग्राउंड कुठंय?"

मला प्रश्नच कळला नाही. सरांनी मीटर माझ्या हातातून घेतला आणि बॅटरी तपासायचं बटण दाबलं. काटा जागचा हलला नाही. सेल संपले होते. सर रागावले नाहीत. त्यांनी कपाटातून दुसरा मीटर काढला, चालू केला आणि माझ्या कानाशी धरला. टिक्. मग बराच वेळ काहीच नाही. टिक् टिक्. पुन्हा शांत. टिक्.

"ऐकलंस? हेच बॅकग्राउंड. हे जमिनीतून येतंय, भिंतीतून येतंय, थोडं वरून आकाशातून येतंय. चालू मीटर पूर्ण गप्प बसेल अशी जागा आपल्या या गावात नाही. मीटर पूर्ण गप्प असेल तर तो मेलाय. नाहीतर..." सर थांबले. "दुसरं कारण संध्याकाळी सांगतो. पेशंट वाट बघतोय."

सोर्स आतच होता, कुणाला काही झालं नाही. पण त्या दिवसापासून कुठलाही मीटर हातात घेतला की माझा हात आधी बॅटरीच्या बटणाकडं जातो आणि कान त्या टिक्-टिक् आवाजाकडं. आपण जिवंत असल्याचं मीटर असं सांगतो.

संध्याकाळी कॅन्टीनमध्ये चहा घेताना सरांनी 'दुसरं कारण' सांगितलं. ते सांगायला ते थेट १९५८ सालात गेले. ती गोष्ट पुढं मी शोधून शोधून वाचली, अजूनही वाचते. किरणोत्सर्गाच्या जवळ राहून पोट भरणाऱ्या प्रत्येकाला ती ठाऊक असावी असं मला मनापासून वाटतं.

३१ जानेवारी १९५८ च्या रात्री अमेरिकेनं आपला पहिला उपग्रह सोडला, एक्सप्लोरर-१. वजन जेमतेम १४ किलो. त्यात आयोवा विद्यापीठाच्या जेम्स व्हॅन ॲलन यांचं एक साधंसं उपकरण होतं: गायगर-म्युलर नळी आणि तिचे ठोके मोजणारं सर्किट. ते बांधलं होतं त्यांच्या विद्यार्थ्यानं, जॉर्ज लुडविगनं. भौतिकशास्त्र विभागाच्या तळघरात या मंडळींची प्रयोगशाळा होती. त्याआधी कित्येक वर्षं व्हॅन ॲलन मोठ्या फुग्यांना छोटी रॉकेटं बांधून जहाजांवरून सोडत आणि वैश्विक किरण, म्हणजे अंतराळातून येणारे वेगवान कण, मोजत. आता तेच काम वातावरणाच्या पार वर जाऊन करायचं होतं.

कक्षा चांगलीच लांबट होती. एका टोकाला उपग्रह जमिनीपासून सुमारे ३५८ किलोमीटरवर यायचा, दुसऱ्या टोकाला २,५०० किलोमीटरच्याही वर जायचा. सेकंदाला तीसेक ठोके पडतील असा अंदाज होता. उपग्रहावर टेप रेकॉर्डर नव्हता, त्यामुळं जमिनीवरच्या एखाद्या केंद्रावरून तो जाईल तेव्हा जी काही मिनिटं ऐकू येतील तेवढीच नोंद. ती तुकड्यातुकड्यानं येऊ लागली. खालून जाताना आकडे बरोबर अंदाजाप्रमाणं. पण दक्षिण अमेरिकेवरून, पुष्कळ उंचीवरून जाताना ठोकेच नाहीत. शून्य.

वर गेल्यावर वैश्विक किरण नाहीसे होतात, असं कसं होईल? पहिली शंका जी कुणालाही येईल तीच त्यांना आली, की उपकरण बिघडलंय.

एक्सप्लोरर-२ कक्षेत पोचलाच नाही. २६ मार्चला एक्सप्लोरर-३ गेला आणि त्यात लुडविगनं बनवलेला चिमुकला टेप रेकॉर्डर होता. अख्ख्या प्रदक्षिणेची नोंद तो टेपवर धरून ठेवी आणि केंद्राचा इशारा मिळाला की काही सेकंदांत सगळी ओतून टाकी. पहिली पूर्ण नोंद व्हॅन ॲलन यांना वॉशिंग्टनमध्ये मिळाली. त्यांनी दुकानातून आलेखाचा कागद आणि पट्टी विकत घेतली आणि हॉटेलच्या खोलीत रात्री उशिरापर्यंत हातानं एकेक बिंदू मांडत बसले. आधी नेहमीचे आकडे, सेकंदाला पंधरा-वीस. मग झपाट्यानं चढत सेकंदाला १२८, म्हणजे रेकॉर्डर मोजू शकेल ती कमाल. आणि तिथून एकदम शून्य. सुमारे पंधरा मिनिटं शून्य. मग पुन्हा १२८ वर उडी, आणि हळूहळू नेहमीचे आकडे.

तो आलेख मी कागदावर काढून पाहिला आहे. बिघडलेलं यंत्र असं वागत नाही. बिघडलेलं यंत्र एकदा गप्प झालं की गप्पच राहतं, नाहीतर काहीच्या काही बोलतं. हे यंत्र शिखराच्या टोकाशी येऊन बोलायचं थांबत होतं आणि शिखराच्या दुसऱ्या कडेला पोचलं की पुन्हा बोलू लागत होतं. म्हणजे मधल्या पंधरा मिनिटांत डोंगर सपाट झाला नव्हता. तो इतका उंच झाला होता की यंत्राच्या डोळ्यात मावत नव्हता.

इकडं आयोवात त्यांच्याच गटातला एक विद्यार्थी, कार्ल मॅकइल्वेन, वेगळ्या वाटेनं तिथंच पोचत होता. उपग्रहावर होती तशीच नळी आणि तसंच सर्किट त्यानं क्ष-किरण यंत्रासमोर ठेवलं.

इथं मी दर वेळी थांबते. अंतराळातलं कोडं सुटलं ते आमच्यासारख्यांच्या रोजच्या वापरातल्या यंत्रापाशी. किरणांचा मारा वाढवत नेला तसे ठोके आधी वाढले, मग अडखळले, मग कमी होत गेले, आणि शेवटी थांबले. मारा चालूच होता, मीटर मात्र शून्य.

हे का होतं, ते सरांनी मला चहाच्या कपाशेजारी बोटानं रेघोट्या ओढत समजावलं होतं. गायगर नळीत विरळ वायू भरलेला असतो आणि मधोमध एक बारीक तार, तिच्यावर भरपूर व्होल्टेज. एक कण आत शिरला की वायूचे रेणू फुटतात, त्यातून सुटलेले इलेक्ट्रॉन आणखी रेणू फोडतात, आणि क्षणार्धात तारेच्या पूर्ण लांबीभर विजेचा लोट उसळतो. तोच एक ठोका. पण त्यानंतर नळीला सावरायला वेळ लागतो, साधारण सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाएवढा. तेवढ्यात दुसरा कण आला तर त्याचा ठोका पडत नाही, पडलाच तर इतका दुबळा पडतो की सर्किट त्याला मोजत नाही. कण एकामागोमाग एक कोसळत राहिले तर नळीला सावरायला उसंतच मिळत नाही. सगळे ठोके दुबळे. मोजणी शून्य.

आषाढीच्या आदल्या दिवशी पंढरपूरला निघालेली एसटी डोळ्यांपुढं आणा. गाडी इतकी खचाखच की कंडक्टरला हात वर करायला जागा नाही, तिकीट फाडता येत नाही. त्या फेरीची तिकिटं मोजली तर एकही भरणार नाही. म्हणून गाडी रिकामी होती असं कोण म्हणेल?

हिशोब केल्यावर दिसलं की त्या उंचीवरचा किरणोत्सर्ग अपेक्षेच्या निदान हजारपट होता. त्यांच्याच गटातले अर्नी रे ते कळताच, "अरे देवा, अंतराळ किरणोत्सारी आहे!" असं उद्गारले, असं सांगतात. १ मे १९५८ रोजी व्हॅन ॲलन यांनी वॉशिंग्टनमध्ये हे जाहीर केलं. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रानं विद्युतभारित कण धरून ठेवलेत, ते तिच्याभोवती अडकून फिरताहेत. त्या पट्ट्यांना आज आपण व्हॅन ॲलन पट्टे म्हणतो. जुलैत गेलेल्या एक्सप्लोरर-४ वर मॅकइल्वेननं या माऱ्याला पुरून उरतील असे चार शोधक बसवले, त्यातली एक नळी शिशाच्या आवरणात. डिसेंबरमध्ये पायोनियर-३ लाखभर किलोमीटर वर जाऊन परत पडलं आणि जाता-येता त्यानं बाहेरचा दुसरा पट्टाही दाखवला.

सोव्हिएतांची हकीकत याहून चुटपुट लावणारी आहे. त्यांच्या स्पुटनिक-२ वर नोव्हेंबर १९५७ मध्येच सर्गेई व्हेर्नोव्ह यांची उपकरणं होती. पण तो उपग्रह त्यांच्या देशावरून जाताना खाली असे आणि दक्षिण गोलार्धात वर. वरच्या टप्प्यातले संदेश ऑस्ट्रेलियात पकडले गेले. ते उलगडायची किल्ली मॉस्कोत राहिली आणि नोंदी ऑस्ट्रेलियात. मोजलेला आकडा वाचायला माणूस नसेल तर तो मोजल्यासारखा नसतोच.

सरांचं 'दुसरं कारण' ते हेच होतं. मीटर शून्य दाखवतो तेव्हा तिथं काहीच नसेल, मीटर मेलेला असेल, किंवा तिथं इतकं काही असेल की मीटर त्याखाली गुदमरला असेल. तिन्ही वेळा काटा एकाच जागी उभा असतो.

म्हणूनच आमच्या लायनॅकच्या, म्हणजे बाहेरून किरणांचा झोत सोडून उपचार करणाऱ्या यंत्राच्या, भोवती मोजणी करायला गायगर वापरत नाहीत. लायनॅकचा झोत सलग नसतो, सेकंदाला काहीशे तुकड्यांत येतो, आणि एकेक तुकडा काही मायक्रोसेकंदांचा. गायगर त्यातल्या प्रत्येक तुकड्यात फार तर एक ठोका देईल, मग तुकड्यात शंभर कण असोत की लाख. तिथं आयन चेंबर लागते. चेंबर कण मोजत बसत नाही. वायूत जेवढा विद्युतभार सुटला तेवढा गोळा करते आणि त्याची बेरीज सांगते. देवळाच्या दारात उभं राहून भाविक मोजण्याऐवजी रात्री दानपेटी उघडून पैसे मोजावेत तसं. सकाळी सातला पेशंट यायच्या आधी आम्ही रोज हेच करतो. बोटाएवढी चेंबर ठोकळ्यांच्या मधल्या भोकात सरकवायची, केबल इलेक्ट्रोमीटरला जोडायची, ३०० व्होल्ट द्यायचे, झोत सोडायचा, आकडा लिहायचा. शेजारी थर्मामीटर आणि बॅरोमीटर असतोच, कारण चेंबरमधली हवा खोलीतल्या हवेशी जोडलेली असते आणि पावसाळ्यात दाब उतरला की आकडाही हलतो.

अंतराळात या आयन चेंबरच्या नात्यातलं एक उपकरण असतं, फॅरेडे कप. तिथं वायू आत भरावा लागत नाही, कारण मोजायची वस्तूच आयनांची बनलेली असते. सूर्यापासून सगळ्या दिशांना अखंड वाहणारा विद्युतभारित कणांचा वायू, प्लाझ्मा, म्हणजे सौरवारा. पृथ्वीच्या आसपास एका घन सेंटिमीटरला पाच-दहा कण, वेग सेकंदाला सुमारे ४०० किलोमीटर. कपाच्या तोंडावर जाळ्या असतात. एका जाळीवर ठरावीक व्होल्टेज दिलं की तेवढ्या ऊर्जेच्या खालचे आयन परतवले जातात, वरचे आत येऊन तळाच्या धातूच्या पत्र्यावर आदळतात आणि अतिशय क्षीण विद्युतप्रवाह निर्माण होतो. व्होल्टेज पायरीपायरीनं बदलत नेलं की किती कण किती वेगाचे आहेत, हा सगळा ताळेबंद मिळतो. रचना इतकी साधी की ती पाहून मला आमच्या चेंबरबद्दल वाटते तशीच माया वाटते.

सौरवारा असतो हेसुद्धा १९५८ सालीच युजीन पार्कर यांनी गणितानं मांडलं. त्यांचा शोधनिबंध दोन्ही परीक्षकांनी नाकारला होता. नियतकालिकाचे संपादक होते सुब्रह्मण्यन चंद्रशेखर. कल्पना त्यांनाही पटलेली नव्हती, पण गणितात चूक सापडत नाही म्हणून त्यांनी तो छापला. पुढच्याच वर्षी सोव्हिएत ल्युना यानांवरच्या कॉन्स्टँटिन ग्रिंगाउझ यांच्या सापळ्यांना तो वारा लागला, आणि १९६२ मध्ये शुक्राकडं निघालेल्या मरिनर-२ नं तो महिनोन्महिने मोजून शंका मिटवली. २०१८ मध्ये पार्कर यांच्याच नावाचं यान सूर्याकडं निघालं, तेव्हा नव्वदी ओलांडलेले पार्कर उड्डाण पाहायला हजर होते. त्या यानावरचा कप उष्णतेच्या ढालीच्या सावलीत नाही, ढालीबाहेर डोकावतो आणि थेट सूर्याकडं तोंड करून बसतो. कप मॉलिब्डेनमच्या मिश्रधातूचा, जाळ्या टंगस्टनच्या, तारा नायोबियमच्या आणि त्यांना वेगळं ठेवायला नीलमणीच्या स्फटिकाच्या नळ्या. त्याची परीक्षा घ्यायला सूर्याइतकी धग हवी, म्हणून प्रयोगशाळेत आयमॅक्स चित्रपटगृहांतले जुने प्रोजेक्टर आणून त्यांचा झोत कपावर धरला होता.

आपल्याकडं सूर्याचा अभ्यास करणाऱ्या आदित्य-एल१ यानावर असा प्लाझ्मा मोजणारी दोन उपकरणं आहेत: अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेचं ॲस्पेक्स आणि तिरुवनंतपुरमचं पापा. मे २०२४ मध्ये सूर्यावरून लागोपाठ लोट सुटले आणि लडाखमध्ये हानलेचं आकाश लाल झालं, तेव्हा पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटर अलीकडं, सूर्याच्या वाटेत उभ्या असलेल्या ॲस्पेक्सनं त्या वाऱ्याचा वेग आणि तापमान नोंदवलं.

अशा वादळाची जगातली एक अनमोल नोंद मुंबईची आहे. सप्टेंबर १८५९ च्या त्या प्रचंड सौरवादळात कितीतरी ठिकाणी चुंबकमापकांच्या नोंदी पट्टीबाहेर निघून गेल्या. यंत्रं गुदमरली, दुसरं काय. कुलाब्याच्या वेधशाळेत मात्र निरीक्षक डोळ्यांनी आकडे वाचून वहीत लिहीत होते, आणि वादळ चढलं तसे थोड्या थोड्या मिनिटांच्या अंतरानं लिहू लागले. क्षैतिज चुंबकीय क्षेत्र सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी खाली गेलेलं त्या आकड्यांत दिसतं. उपग्रह नाही, वीज नाही, आणि सूर्याचा प्लाझ्मा पृथ्वीवर आदळल्याची खूण एका माणसाच्या शाईत उतरली. कुलाब्याला गेले की समुद्राकडं पाहण्याआधी मला ती वही आठवते.

माझ्या छातीवर एक टीएलडी बॅज असतो, अंगावर पडलेल्या किरणांचा डोस नोंदवणारा. भाभा अणुसंशोधन केंद्रानं विकसित केलेलं हे कार्ड देशभरचे किरणोत्सर्ग कामगार लावतात. ॲल्युमिनियमच्या छोट्या पट्टीवर तीन पांढऱ्या चकत्या, कॅल्शियम सल्फेटच्या. वर धारकात एका चकतीवर धातूचा पडदा, एकीवर प्लॅस्टिकचा, एक उघडी. चकत्यांवर किरण पडले की ऊर्जा स्फटिकात अडकून राहते. तीन महिन्यांनी प्रयोगशाळेत चकती तापवतात, अडकलेली ऊर्जा प्रकाश होऊन बाहेर पडते, आणि तो प्रकाश मोजला की डोस कळतो. बॅजला ना काटा आहे, ना आवाज. तो नुसता लक्षात ठेवतो. सोबत एक कंट्रोल बॅज असतो, किरणांपासून दूर कपाटात ठेवलेला. जमिनीतून-आकाशातून आलेला वाटा त्याच्यावरून कळतो आणि तो वजा होतो. म्हणून माझ्या नावापुढं येणारं शून्य हे विचारपूस करून आलेलं शून्य असतं. मला त्याचा आधार वाटतो.

आमची मर्यादा वर्षाला सरासरी २० मिलीसिव्हर्ट; मिलीसिव्हर्ट हे डोसचं माप. क्युरिऑसिटी रोव्हर २०११-१२ मध्ये मंगळाकडं जात असताना त्याच्यावरचं रॅड हे उपकरण वाटेतच चालू होतं. यानाच्या आत रोज सरासरी १.८ मिलीसिव्हर्ट भरला. म्हणजे माझा वर्षाचा वाटा अकरा-बारा दिवसांत संपला असता. मंगळावर उतरल्यावर रोजचा आकडा तिसऱ्या हिश्श्याच्या थोडा वर आला. हे आकडे पहिल्यांदा वाचले तेव्हा मी कागदावर भागाकार करून पाहिला, आणि मग पुन्हा एकदा केला.

नोव्हेंबर-डिसेंबर २०२२ मध्ये आर्टेमिस-१ चंद्राभोवती जाऊन आलं. आत माणूस नव्हता, दोन फँटम, म्हणजे माणसाच्या शरीराचे नकली पुतळे, होते, हेल्गा आणि झोहर. स्त्रीचं धड, आत हाडं, फुप्फुसं, मऊ ऊती यांच्या घनतेचे पदार्थ, आणि एकावर एक ३८ चकत्या. आमच्याकडं असाच एक फँटम आहे. उपचाराचा आराखडा तपासायचा तर आम्ही त्याच्या चकत्या सुट्या करतो, भोकांत टीएलडीचे कण ठेवतो आणि पुन्हा रचून टेबलावर झोपवतो. त्याला उचलताना मी नेहमी मान धरते, पेशंटची धरावी तशी. हेल्गा-झोहरच्या अंगात असे हजारो कण होते. झोहरनं संरक्षक जाकीट घातलं होतं, हेल्गानं नाही. दोन्ही स्त्रियाच का, याचं उत्तर आमच्या विभागात रोज दिसतं: स्तन आणि बीजकोश यांना किरणांचा धोका जास्त असतो. त्या मोहिमेच्या मोजणीत आणखी एक गोष्ट निघाली. व्हॅन ॲलन पट्ट्यातून जाताना यानानं आपली दिशा नव्वद अंशांनी बदलली आणि डोसचा दर निम्म्यावर आला. आम्ही गँट्रीचा, म्हणजे लायनॅकच्या फिरत्या भागाचा, कोन बदलून मणका वाचवतो, त्यातलाच प्रकार.

आता शून्याकडं परत येते, कारण सगळ्यात अवघड शून्य अजून राहिलं.

व्हॉयेजर-१ हे यान सूर्याच्या वाऱ्याच्या हद्दीबाहेर ऑगस्ट २०१२ मध्ये गेलं. पण त्याचे प्लाझ्मा मोजणारे कप १९८० मध्येच निकामी झाले होते, त्यामुळं बाहेर पडलं की नाही यावर वर्षभर वाद चालला. मार्च २०१२ मध्ये सूर्यावरून उसळलेला लोट तेरा महिन्यांनी यानापर्यंत पोचला आणि त्यानं आसपासचा प्लाझ्मा घंटेसारखा हलवला, तेव्हा वाद मिटला. डॉन गर्नेट यांच्या प्लाझ्मा-लहरी उपकरणाच्या दहा-दहा मीटरच्या दोन अँटेनांनी तो नाद पकडला: सेकंदाला २,६०० आंदोलनं. प्लाझ्मा जितका दाट तितका नाद उंच. त्यावरून घन सेंटिमीटरला ०.०८ इलेक्ट्रॉन निघाले, आतल्यापेक्षा चाळीसपट दाट. मेलेल्या मीटरच्या शेजारच्या मीटरनं उत्तर दिलं. सर ही बातमी ऐकायला नव्हते. त्या दिवशी त्यांची फार आठवण आली.

व्हॉयेजर-२ चे कप मात्र जिवंत होते. चार कप, त्यातले तीन सूर्याकडं तोंड करून. ५ नोव्हेंबर २०१८ ला त्या तीन कपांत येणारा सौरवाऱ्याचा प्रवाह कोसळला. आणि यावेळी कुणी म्हणालं नाही की कप बिघडले. चुंबकमापक, वैश्विक किरणांचं उपकरण, कमी ऊर्जेच्या विद्युतभारित कणांचं उपकरण, सगळे एकाच वेळी एकच गोष्ट सांगत होते. १९७७ साली निघालेल्या यानावरचं ते शून्य खरं होतं. तिथं खरोखरच वारा पडला होता.

चौथा कप बाकीच्यांशी काटकोनात बसवलेला. बाहेरचा, ताऱ्यांमधला प्लाझ्मा त्याला लागायचा, पण उपयोगी नोंद मिळायची ती यान स्वतःभोवती पूर्ण फिरवलं जाई तेव्हा, तीन महिन्यांतून एकदा. माझ्या बॅजसारखी तिमाही.

यानाची वीज दर वर्षी सुमारे चार वॅटनं घटते. २६ सप्टेंबर २०२४ रोजी प्लाझ्माचं उपकरण बंद करायचा आदेश गेला. पोचायला १९ तास, पोचल्याचा निरोप यायला १९ तास.

त्याच आठवड्यात मी आमच्या विभागाचे बॅज गोळा करत होते. जुलै ते सप्टेंबरची तिमाही संपत होती. कपाटातला कंट्रोल काढला, सगळे नंबर यादीशी ताडून पाहिले, पाकीट बंद केलं. बातमी दोन-तीन दिवसांनी वाचली. वाचून मी माझी जुनी डोसची पत्रकं काढली. २०१० मध्ये बाळंतपणाची रजा आणि तिला जोडून बिनपगारी घेतली होती, तेव्हाच्या दोन तिमाहींत माझ्या नावावर बॅज नव्हता. त्या दोन रकान्यांत शून्य लिहिलेलं नाही. आडवी रेघ आहे.

तिकडंही आता तशीच रेघ असणार. मी पत्रकं फाईलला लावली आणि ऑक्टोबरचे नवे बॅज वाटायला उठले.